जुन्या गाडीचा मागचा पाटा: काय नवे घालावे, काय तसेच ठेवावे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या दारात अजून प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसिडर किंवा महिंद्राची जुनी जीप उभी आहे, त्यांच्यापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच. गाडी मागून बसलेली दिसते, गतिरोधकावर आपटते, खड्डा ओलांडल्यावर दोन-तीन वेळा डोलते आणि मागच्या सीटवरची माणसे तक्रार करतात. गॅरेजमध्ये नेली की तीन सल्ले मिळतात. कोणी म्हणतो, पाट्यात एक पट्टी वाढवा. कोणी म्हणतो, पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवा. जीपवाल्याला तर सरळ नव्या गाडीचा अख्खा मागचा ॲक्सल घालण्याचा सल्ला मिळतो. या तिन्ही सल्ल्यांमागे एकच समजूत आहे: नव्या गाड्या आरामशीर चालतात, म्हणून त्यांचे भाग जुन्या गाडीत आले की तीही तशीच चालेल. ही समजूत अर्धीच खरी आहे. झिजणारे भाग नवे घालावेत, मूळ भागांपेक्षा सुधारित मिळाले तर तेही जरूर घालावेत. पण ॲक्सल गाडीला ज्या रचनेने धरलेला आहे ती रचना बदलू नये. या दोहोंतली रेघ कुठे ओढायची, हेच इथे मांडायचे आहे.

इंदापूर तालुक्याचे या गाड्यांशी नाते जवळचे आहे. ज्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. फियाट ११०० च्या घराण्यातली, पुढे पद्मिनी नावाने ओळखली गेलेली गाडी याच कंपनीच्या मुंबईतल्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे या भागातली पद्मिनी नीट राहावी, ही अपेक्षा इथे थोडी अधिक ठेवावी असे मला वाटते.

पाट्याचे काम काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. बहुतेक चुका इथल्याच गैरसमजातून होतात. पाटा म्हणजे वजन पेलणारी स्प्रिंग, एवढेच आपण धरून चालतो. पद्मिनी, ॲम्बॅसिडर आणि जीप या तिन्ही गाड्यांच्या मागे एकसंध ॲक्सल आहे आणि तो दोन लांब कमानपाट्यांवर यू-बोल्टने आवळलेला आहे. पाटा गाडीचे वजन तर घेतोच, पण ॲक्सल पुढे-मागे सरकू नये, डावी-उजवीकडे ढळू नये, हेही तोच पाहतो. ब्रेक दाबला किंवा गिअर टाकून गाडी उचलली की ॲक्सल स्वतःभोवती वळायला बघतो. त्यालाही पाटाच आवरतो. खांब, तुळई आणि बिजागरी अशी तिन्ही कामे एकाच लोखंडी कमानीकडे दिलेली आहेत. कॉइल स्प्रिंग यातले फक्त पहिले काम करते. ती वजन पेलते, पण ॲक्सलला कोणत्याच दिशेने धरून ठेवू शकत नाही. म्हणून कॉइल आली की पुढून धरणारे दांडे लागतात, बाजूला ढळू नये म्हणून आडवा दांडा लागतो, आणि या सगळ्या दांड्यांची दुसरी टोके गाडीच्या सांगाड्यात जिथे बसतात तिथे भक्कम जागा लागते.

ती जागा या गाड्यांत नाही. पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर या दोन्हींना वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. पाट्याची पुढची आणि मागची टोके जिथे अडकवली आहेत, तेवढ्याच जागी तो पत्रा दुहेरी करून, पट्ट्या देऊन बळकट केलेला आहे. गाडीचे मागचे वजन त्या चार जागांतून उतरते. कॉइल बसवली की तेच वजन ॲक्सलच्या थेट वरच्या पत्र्यावर येते. हा भार रोज घेण्यासाठी तो पत्रा घडवलेलाच नव्हता, आणि आता चाळीस-पन्नास पावसाळ्यांनंतर तो आतून किती खाल्ला गेला आहे हे वरच्या रंगावरून कळत नाही. तिथे जाड पत्र्याचा तुकडा वेल्ड केला तर तुकडा टिकतो आणि त्याच्या कडेचा जुना पत्रा फाटतो.

हा केवळ तर्क नाही. याच कंपन्यांनी काय केले ते पाहावे. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली, तिच्या मागे कॉइल होती. पण ती गाडी फियाट १२४ च्या बॉडीवर बेतलेली होती, म्हणजे कॉइल आणि दांडे गृहीत धरूनच आखलेल्या सांगाड्यावर. त्यानंतरही पद्मिनी अनेक वर्षे निघत राहिली आणि पाट्यांवरच निघत राहिली. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, सुटे भाग हाताशी, अभियंते घरचे, तरी कोणी ११८ एनईची मागची बाजू पद्मिनीला लावली नाही. महिंद्राचेही तसेच. २०१० च्या थारला मागे पाटेच होते. २०२० च्या थारला कॉइल आणि दांड्यांची रचना आली, ती नव्या चासीसकट आली. ज्यांच्याकडे आराखडे, दाबयंत्रे आणि चाचणीचे मैदान होते, त्यांनी जुन्या सांगाड्याला नवी रचना जोडण्याचा मार्ग घेतला नाही. तो मार्ग आपण गॅस आणि वेल्डिंगच्या बळावर का घ्यावा?

पट्टी वाढवण्याचा सल्ला दिसायला निरुपद्रवी आहे आणि म्हणूनच सर्वाधिक अमलात येतो. सहा सारख्या पट्ट्यांच्या पाट्यात तशीच सातवी घातली तर पाटा सुमारे १७ टक्के ताठ होतो. हे एक वेळ चालून जाईल. पण प्रत्यक्षात मिळते ती पट्टी बहुधा टेम्पोची किंवा पिकअपची, म्हणजे जाड. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या पट्ट्यांत ८ मिलिमीटरची एक घातली तर ती एकटीच मूळच्या दोनाहून अधिक पट्ट्यांइतका ताठपणा आणते. परिणाम काय होतो? गाडीच्या वजनाने पाटा १० सेंटिमीटर दबत असेल तर गाडीची मागची बाजू सेकंदाला साधारण १.६ वेळा झुलते आणि शरीराला ते सुसह्य वाटते. दबणे ६ सेंटिमीटरवर आले की झुलण्याचा वेग सेकंदाला दोनपर्यंत जातो आणि दचके बसू लागतात. उंची मिळाली, आराम गेला. शिवाय मागची बाजू पुढच्यापेक्षा फार ताठ झाली की वळणावर मागची चाके पकड आधी सोडतात. भिगवणहून इंदापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, पहिल्या पावसात, रिकाम्या गाडीत हे घडणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको.

इथल्या रस्त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडीकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या त्या लाटा आणखी खोल करतात. पालखी महामार्गाचे रुंदीकरण झाले तरी वाड्या-वस्त्यांचे आणि कालव्याच्या कडेचे रस्ते तसेच आहेत. पण अशा रस्त्यावर आधी थकतो तो शॉकअप, मग रबरी बुश, मग शॅकलच्या पिना. पाटा सगळ्यांत शेवटी. लाटांच्या रस्त्यावर शॉकअप सतत वर-खाली होत राहतो, आतले तेल तापते, सील सुटते आणि गाडी डोलू लागते. मालकाला वाटते पाटा गेला. दोष एका भागाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार आहे.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मोजमाप करावे. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, टायरची हवा सारखी असावी, डिकी रिकामी असावी. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावे. एक बाजू बोटभर खाली असेल तर त्या बाजूचा पाटा बसला आहे किंवा पट्टी तुटली आहे. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, पुढची चाके सरळ ठेवून, डावीकडे आणि उजवीकडे मोजावे. फरक आढळला तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल सरकला असण्याची शक्यता मोठी असते. अशा गाडीला कितीही चांगले शॉकअप घातले तरी ती रस्त्यावर तिरकीच चालणार. शेवटी शॅकल पाहावी. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना ती थोडी कललेली असली पाहिजे, म्हणजे पाटा दबताना लांब होतो त्याला जागा मिळते. ती पूर्ण आडवी पडली असेल किंवा उलट्या बाजूला झुकली असेल तर पाटा खरोखरच गेला आहे.

पाटा बसलाच असेल तर त्याला पुन्हा बाक देता येतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रकचे पाटे दुरुस्त करणारे जाणकार कारागीर आहेत. त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगावी: पट्टी गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवायची नाही. स्प्रिंगच्या पोलादाची ताकद त्याला दिलेल्या पाण्यात असते. ठरावीक तापमानाला नेऊन, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून ती आलेली असते. ज्योत लावून हवेत थंड केलेली पट्टी दिसायला कमानदार होते आणि काही महिन्यांत पुन्हा सपाट. थंड स्थितीतच दाबून किंवा ठोकून बाक द्यावा, नाहीतर भट्टी आणि तेलाची सोय असलेल्याकडेच काम द्यावे. तुटलेली पट्टी वेल्ड करणे हा विचारही मनात आणू नये. पट्ट्या सुट्या झाल्याच आहेत तर गंज घासून काढावा, मधे ग्रेफाइटचे ग्रीस लावावे. गंजलेल्या पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि पाटा आहे त्याहून कितीतरी ताठ वागतो. नुसत्या या साफसफाईने गाडी सुधारल्याचे बहुतेक मालकांना जाणवते.

आता नव्या भागांकडे. सर्वांत मोठा लाभ शॉकअपमध्ये आहे आणि इथे नवे घालायला मुळीच कचरू नये. सुरुवातीच्या ॲम्बॅसिडरला लिव्हरचे शॉकअप होते, पुढच्या गाड्यांना नळीचे आले. म्हणजे त्याच गाडीच्या पुढच्या पिढीचा भाग जुन्या पिढीला लावण्याची वाट कंपनीनेच आखून दिलेली आहे, ब्रॅकेटसकट. पद्मिनी आणि जीपसाठी मात्र मूळ मापाचा शॉकअप मिळाला नाही की दुकानदार जवळपासचा काढून देतो, आणि घोळ तिथे होतो. शॉकअपची निवड गाडीच्या नावावरून करू नये, मापावरून करावी. जुना शॉकअप काढावा. बॉडीला पक्का टेकू देऊन, जॅकवर भरवसा न ठेवता, ॲक्सल इतका वर उचलावा की रबरी ठोकळ्याला टेकेल. त्या स्थितीत वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर मोजावे. मग ॲक्सल मोकळा लोंबू द्यावा आणि तेच अंतर पुन्हा मोजावे. नवा शॉकअप पूर्ण मिटल्यावर पहिल्या मापापेक्षा किमान १५ ते २० मिलिमीटर आखूड आणि पूर्ण उघडल्यावर दुसऱ्या मापापेक्षा थोडा लांब असला पाहिजे. मिटलेला शॉकअप लांब पडला तर पहिल्याच खोल खड्ड्यात तो स्वतः खांब बनतो आणि वरची ब्रॅकेट उपटतो. उघडलेला आखूड पडला तर गाडीचा ॲक्सल त्याच्यावर लटकतो आणि दांडी सुटते. बुशच्या छिद्राचा व्यास, बोल्टची जाडी हेही जुळलेच पाहिजे; वॉशर भरून जुळवलेला शॉकअप खडखडतो आणि बोल्ट कापतो.

मापाइतकाच त्याचा जोर महत्त्वाचा. दोन टनांच्या गाडीसाठी बनवलेला गॅसचा शॉकअप साधारण नऊशे किलोच्या पद्मिनीला लावला तर पाटा हलतच नाही आणि सगळा धक्का पत्र्यावर जातो. ‘हेवी ड्यूटी’ हा शब्द वाचून हुरळून जाऊ नये. वजनाने आपल्या गाडीच्या जवळ असलेल्या, मागे पाटेच असलेल्या गाडीचा शॉकअप शोधावा. एकाच बाजूचा कधी बदलू नये.

बुशच्या बाबतीत दोन मते आहेत. आजकाल पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात. ते टिकाऊ असतात, तेल-ग्रीसने फुगत नाहीत. पण पाट्याच्या डोळ्याला फक्त फिरायचे नसते, थोडे पिरगळायचेही असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचावर असले की हे पिरगळणे होते, आणि कालव्याच्या रस्त्यावर ते दर दहा हातांवर होते. रबर ते सोसते. कडक बुश तो पीळ ब्रॅकेटकडे ढकलतो. म्हणून माझे मत रबराच्या बाजूचे आहे. ते बसवताना एक चूक जवळजवळ सगळीकडे होते: गाडी हवेत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. बाहीला चिकटवलेले रबर असेल तर ते त्या स्थितीत पकडले जाते, गाडी खाली आली की पिळलेलेच राहते आणि काही महिन्यांत फाटते. बोल्ट हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, मागे एक-दोन माणसे बसवून हलवावी आणि मग शेवटची आवळणी करावी. यू-बोल्ट आणि त्यांचे नट मात्र जुने पुन्हा वापरूच नयेत. एकदा ताणले गेलेले आटे पुन्हा तोच ताण धरत नाहीत. शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासून आवळावेत.

आता आक्षेप. जीपवाले म्हणतील, आमच्या गाडीला भक्कम चासी आहे, पत्रा फाटण्याचा प्रश्नच नाही. हे बरोबर आहे आणि म्हणूनच जीपमध्ये अशा बदलांचा मोह अधिक होतो. पण तिथे अडचणी दुसऱ्या आहेत. जुन्या विलीज घराण्याच्या जीपचा मागचा डिफरन्शियल मध्यावर नसून एका बाजूला आहे, कारण ट्रान्सफर केसमधून निघणारा शाफ्ट बाजूने येतो. मध्यावर डिफरन्शियल असलेला नवा ॲक्सल घातला की प्रोपेलर शाफ्ट तिरका धावतो आणि क्रॉस लवकर जातात. फोर-व्हील चालू असलेल्या जीपला तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर एकच असणे सक्तीचे आहे. ते जुळले नाही तर फोर-व्हील टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. त्यात चाकांमधली रुंदी बदलते, हातब्रेकची केबल जुळत नाही, आणि मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा जोरकस झाले तर मागची चाके आधी लॉक होतात. प्रत्येक अडचणीवर उपाय आहे, हे मान्य; पण ते सगळे केल्यावर जी उभी राहते ती जुनी जीप नसते, नव्याने आखलेली गाडी असते, आणि तिचा आराखडा कोणी तपासलेला नसतो.

परदेशात तर सर्रास करतात, हा दुसरा आक्षेप. जग्वारची १९६१ पासूनची स्वतंत्र मागची रचना कितीतरी जुन्या अमेरिकी गाड्यांत बसवली गेली, हे खरे आहे. ते जमले, कारण ती अख्खी रचना स्वतःच्या पिंजऱ्यात बसवलेली असते आणि त्या पिंजऱ्यासकट उचलता येते. जर्मनीसारख्या देशात असा बदल मान्यताप्राप्त तपासणीतून गेल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. आपल्याकडे तसा पिंजराही सहज मिळत नाही आणि बदल तपासून देणारी सोयही जवळ नाही.

कायद्याचा मुद्दा कोणी पाहत नाही म्हणून सोडून देऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधिक ठाम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शॉकअप, बुश, त्याच मापाचा पाटा ही दुरुस्ती झाली. ॲक्सल बदलणे, सांगाडा कापणे आणि वेल्ड करणे हा बदल झाला. अपघातात विमा कंपनीचा सर्वेक्षक नेमके हेच पाहतो. त्यात २०२१ पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी ‘विंटेज’ नोंदणी सुरू झाली आहे: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, रोजच्या वापरास परवानगी नाही. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. सत्तरीच्या दशकाच्या मध्यातल्या पहिल्या पद्मिनी आता या वयाच्या होत आहेत. आज केलेली एक वेल्डिंग उद्या हा मार्ग बंद करू शकते.

उलट टोकाचा आक्षेप मूळपणाच्या आग्रही लोकांचा: मग नळीचा शॉकअप तरी कशाला, मूळ लिव्हरचाच हवा. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीला हे ठीक आहे. जी गाडी बारामतीहून निमगाव केतकीला लग्नाला जाणार आहे, मागे तीन माणसे बसवून, तिला थांबता आणि वळता आलेच पाहिजे. माझी कसोटी साधी आहे: जो भाग बोल्टने बसतो आणि बोल्ट खोलल्यावर गाडी होती तशी परत होते, तो बिनधास्त घालावा. ज्याच्यासाठी कापावे, वेल्ड करावे किंवा नवे छिद्र पाडावे लागते, तिथे थांबावे. तरीही ॲक्सल बदलण्याचा विचार पक्का असेल तर आधी बारामतीच्या एमएच-४२ च्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी, लेखी उत्तर घ्यावे आणि मगच गॅरेजला काम द्यावे.

आणि एक विनंती. काढलेले मूळ पाटे, शॅकल, लिव्हरचे शॉकअप भंगारात देऊ नका. तेल लावून, कोणत्या बाजूचे ते चिठ्ठीवर लिहून, गोणपाटात बांधून कोरड्या जागी ठेवा. मूळ भाग आता सहजासहजी मिळत नाहीत, आणि गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला ते लागतील.